धुऱ्यापलीकडची माती

"बाई, हातचं ठेवा अन् इकडं या जरा," शेवंताबाई मागच्या दारात उभी राहून म्हणाली. "चुलीवर काही असंल तर उतरवून या."

श्रावण अर्ध्यावर आला होता. मी कणीक मळत होते, तशीच पिठाच्या हातांनी तिच्यामागे गेले. शेवंताबाई आमच्या नर्सरीत माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून खुरपायला यायची. उगाच कुणाला हाक मारणाऱ्यातली ती नव्हती.

स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून वाफे सुरू व्हायचे, ते थेट धुऱ्यापर्यंत. धुरा म्हणजे शेताचा बांध. त्याच्या पलीकडे एकेकाळी संत्र्याचा बगिचा होता. खोडातून डिंक गळवणाऱ्या डिंक्या रोगानं तो सगळा गेला आणि एकच जुनं झाड उरलं. अलीकडच्या वाफ्यांत जंबेरीची, म्हणजे रानटी लिंबाची, रोपं होती. जंबेरीचा खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की त्यावर संत्र्याच्या फांदीवरचा डोळा बांधायचा आणि ते कलम विकायचं, हा आमच्या खेरड्यांच्या घरचा तीन पिढ्यांचा धंदा. बी मार्गशीर्षात टाकलेलं. एव्हाना रोपं गुडघ्याला लागायला हवी होती, पण ती बोटभरच राहिली होती, पिवळी आणि बारीक पानांची. मरतही नव्हती आणि वाढतही नव्हती.

"खाली नका पाहू," शेवंताबाई म्हणाली. "धुऱ्याकडून घराकडं पाहत या."

मग मला दिसलं. त्या पिवळ्या वाफ्यांत धुऱ्याजवळ ताटाएवढा एक ठिपका हिरवागार होता. त्यातली रोपं चांगली वीतभर उंच, काळसर पानांची. एका पावलाच्या अंतरावर दुसरा ठिपका, पुढच्या वाफ्यात तिसरा. असे ते तिरके तिरके सगळे वाफे ओलांडत आमच्या मागच्या दाराशी येऊन थांबले होते.

"पावलं हायेत थे," ती म्हणाली.

"कुणाची?"

"मी काय सांगू बाई. माहं काम खुरपायचं."

"शेवंताबाई, बोलावलंत तुम्ही, आता सांगा."

तिनं पदर तोंडाशी नेला. "द्वारकाबाईची. दुसऱ्या कोणाची असणार?"

द्वारका म्हणजे माझ्या यजमानांची पहिली बायको. मी येण्याच्या आधीच्या कार्तिकात ती बाळंतपणात गेली. "दोघंही गेली," एवढंच माझ्या वडिलांना सांगितलं होतं आणि त्यांनीही पुढे विचारलं नाही. आई लवकर गेल्यामुळे भावंडांचं करता करता माझं लग्न लांबलं होतं. वय उलटून चाललेल्या मुलीच्या बापानं फार चौकशा करायच्या नसतात. वैशाखात लग्न झालं आणि मी अमरावती सोडून या आडगावात आले.

आले ती निळ्या पायांनी. वामनरावांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, फाटकातच मोरचुदाच्या पाण्याची पसरट परात ठेवलेली होती. बाहेरचा रोग पायांबरोबर आत येऊ नये म्हणून प्रत्येकानं तीत पाय बुडवूनच आत यायचं. नवरीलाही सूट नव्हती. आधी मोरचूद आणि मग माप. माझ्या शालूचा काठ तेव्हापासून निळसर आहे. इतकं करूनही रोपं खुरटली, तेव्हा गावातल्या बायकांनी नव्या सुनेचा पायगुण काढलाच.

"पण इथून कशाला येईल ती?" मी विचारलं.

"मायमाती घेऊन," शेवंताबाई म्हणाली. "तुम्हाले कोणी सांगितलंच नसंल. पेरणीच्या आधी घरची लक्ष्मी त्या जुन्या झाडाखालची माती परातीत घेऊन येते, अनवाणी, डोक्यावर. अन् वाफ्यावाफ्यात मूठमूठ टाकते. तुमच्या आजेसासूपासून चालत आलं थे. गेल्या साली झालंच नायी. बाई गेल्या, सुतक फिटलं, अन् दुसऱ्या दिवशी दवाईचे डबे येऊन पडले."

त्या दवाईबद्दल मी ऐकलं होतं. डिंक्याचं बीजच राहू नये म्हणून वामनरावांनी सगळ्या वाफ्यांत फॉर्मॅलिन ओतलं होतं आणि वर प्लॅस्टिकचा कागद अंथरून कडा मातीनं दाबल्या होत्या. डोळ्यांतून पाणी काढणारा तो वास रस्त्यापर्यंत जायचा म्हणे. त्यानंतर वाफ्यांत गवताची काडी उगवली नव्हती की गांडूळ दिसलं नव्हतं.

"राहून गेलेलं काम थ्या करून राह्यल्या," शेवंताबाई म्हणाली आणि खुरपं घेऊन दुसऱ्या टोकाला निघून गेली.

त्या रात्री मी वामनरावांना वाढताना विषय काढला.

"वाफ्यात ठिपके पडलेत, बघितलेत?"

"पाह्यले."

"लोक काय म्हणतात माहीत आहे?"

"लोकायले कामं नायीत."

"मला आहेत कामं, आणि मलाही भीती वाटते. ते झाड तोडून टाका. रोगट आहे ते, तुम्हीच म्हणता. सगळी नर्सरी निर्मळ केलीत आणि रोगाचं घर धुऱ्यावर ठेवलंत?"

त्यांचा घास हातातच राहिला. हा माणूस रागीट नव्हता, माझ्याशी कधी आवाज चढवून बोलला नव्हता. पण बोलत होताच कुठे? लग्नाला चार महिने होत आले होते आणि आमचं बोलणं मीठ, पाणी, मजूर यांच्या पलीकडे गेलं नव्हतं.

"पोळा होऊ दे," ते म्हणाले आणि ताटावरून उठले.

त्यानंतर मी मागचं दार लावूनच ठेवू लागले. पाणी आणायला लांबच्या बाजूनं जायची, पण ती हिरवी ओळ ओलांडायची नाही. पाऊस झाला की ठिपके थोडे आणखी रुंद व्हायचे. दुपारी मजूर जेवायला बसले, वारा पडला, की मी खिडकीतून त्यांच्याकडे बघत बसायची. हंडा, परात, लोटा, ज्याला हात लावावा त्यावर 'सौ. द्वारका वा. खेरडे' असं कोरलेलं. मला वाटायचं, ती काही माझ्या दाराशी येत नाहीये; ती आपल्या घरी येते आहे आणि तिच्या घरात शिरलेली मीच आहे. मला तिची भीती वाटत होती आणि तिचा हेवाही वाटत होता. मेल्यावरही तिला इथे काम उरलं होतं.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे पोरांनी पळसाच्या फांद्या शिवेबाहेर नेऊन टाकल्या, "घेऊन जा गे मारबत" म्हणत गावची सगळी पीडा हाकलली. तोवर वामनरावांनी झाडाचं नाव काढलं नव्हतं. मग मीच निरोप धाडून कुऱ्हाडवाले दोघे बोलावले. त्यांना बघून तरी नवरा हो की नाही म्हणेल, असा माझा हिशोब होता.

ते दोघे सकाळीच येऊन धुऱ्यावर बसले. मी त्यांना चहा नेऊन दिला आणि परत येते तो फाटकात जीप उभी. वामनरावांनी रोपांच्या काळजीनं पत्र लिहून राजूरकर साहेबांना बोलावलं होतं. संशोधन केंद्रातून निवृत्तीला आलेला, पोट सुटलेला, बोलका माणूस. परातीत बूट बुडवायला सांगितलं तेव्हा त्यांनी बूट मोजे काढून सरळ पायच बुडवले आणि घोटे निळे करून हसत आत आले.

त्यांनी एक पिवळं रोप उपटलं, मग हिरव्या ठिपक्याच्या कडेचं एक उपटलं आणि दोन्हींची मुळं बादलीत हळूहळू धुतली. वामनराव, मी आणि शेवंताबाई बघत उभे होतो.

"वामनराव, माती फार स्वच्छ केलीत हो तुम्ही," ते म्हणाले.

"डिंक्या नको होता साहेब. बापाचा बगिचा गेला त्याच्यानं."

"डिंक्या गेला. पण या मातीत आणखी एक बुरशी होती, तीही गेली. बुरशी म्हटलं की आपण मारायलाच धावतो. ही मुळाच्या आत राहते. तिथून केसाहून बारीक धागे बाहेर सोडते, मूळ पोचत नाही तिथपर्यंत. लांबचा स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मुळाला आणून देते आणि मूळ तिला साखर देतं. असा दोघांचा संसार आहे. संत्र्या-लिंबाच्या जातीला तिच्यावाचून जेवताच येत नाही."

"मी सुपर फॉस्फेट दिलं. थोडंथोडकं नायी."

"ताट वाढलंत, पण भरवणारं कुणी ठेवलं नाहीत."

वामनरावांनी मान वळवली. मला तेव्हा वाटलं, चूक दाखवली म्हणून राग आला असेल.

"मग ही हिरवी?" मी विचारलं.

"तिथे ती परत आलीय, वहिनी. ही बुरशी उडून येत नाही. मातीबरोबर येते, बारीक मुळ्यांच्या तुकड्यांबरोबर येते. त्या जुन्या झाडाखालचा चिखल कुणाच्या तरी पायांना लागून इथवर आलाय. पेरणीच्या सुमाराला, वाफे रिकामे असतील तेव्हा. आणि एकदा येऊन हे व्हायचं नाही. कुणीतरी रोज याच वाटेनं आलंय."

"आम्ही तर मोरचुदातून येतो साहेब," शेवंताबाई म्हणाली.

"फाटकातून येणाऱ्यांचे पाय धुतले जातात. हा येणारा धुऱ्यावरून आलाय."

शेवंताबाईनं माझ्याकडे बघितलं. मी वामनरावांकडे बघितलं. ते त्या ठिपक्यांकडे असे बघत होते की जणू ते आत्ताच पहिल्यांदा दिसले.

साहेब धुऱ्यावर जाऊन झाड तपासून आले. "डिंक पश्चिमेच्या अंगानं गळतोय. पूर्वेची बाजू चांगली आहे. तिकडची वरची वीतभर माती खणा आणि वाफ्यांत मिसळा. पाणी साचू देऊ नका, म्हणजे डिंक्याचं भय कमी. दवाई बंद. आणि ते दोघे कुऱ्हाडी घेऊन कशाला बसलेत? झाड राहू द्या."

"तिथली माती नायी," वामनराव म्हणाले.

"का?"

"या ठिपक्यातली घेतो."

"ती पुरणार नाही आणि आहेत तीही रोपं जातील."

"मंग दुसऱ्याच्या बगिच्यातून आणतो."

"आणि त्याचा रोग घरी आणता? अहो, ही तुमच्याच झाडाची माती. कार्तिकापर्यंत खुंटांनी जाडी धरली नाही तर नर्सरी बसली म्हणून समजा. पुढल्या सालापर्यंत गिऱ्हाईक थांबतं का?"

"नायी म्हटलं ना साहेब," वामनराव म्हणाले आणि चालू लागले. पाहुण्याला पाठ दाखवून जाणारा तो माणूस नव्हता. साहेब गोंधळले, मी दिलेला चहा उभ्यानंच प्यायले आणि "समजूत घाला त्यांची, वहिनी" म्हणून निघून गेले.

मी धुऱ्याकडे गेले. धुऱ्याच्या अलीकडे वामनरावांच्या चपला काढून ठेवलेल्या होत्या, देवळाबाहेर ठेवाव्यात तशा नीट जोडीनं. मजुराचा एक पाय परातीबाहेर पडला तरी ओरडणारा हा माणूस त्या रोगट झाडाखाली अनवाणी बसला होता. पूर्वेच्या अंगाला. त्याच्यासमोर गवतात एक सपाट दगड होता.

त्या दगडाकडे बघितलं आणि वैशाखात माझ्या वडिलांनी न विचारलेला प्रश्न मला कळला.

"तू काऊन आली?" ते म्हणाले.

"ती पावलं तुमची आहेत."

त्यांनी दगडावर पडलेलं पान उचललं. कुऱ्हाडवाले लांबून बघत होते.

"मले ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "साहेब बोलले तवा समजलं. तिले आधी नेलं, द्वारकाले. लेकरू मागून गेलं, थोड्या दिसांनी. लहान लेकराले जाळत नायीत. दाईनं फडक्यात गुंडाळून माह्या हातात देल्लं. मीच खणलं इथं. मंग रोज येत होतो. कोल्ह्याकुत्र्यानं उकरू नये म्हणून पाणी टाकून माती दाबत होतो पायानं, हळू. तसाच घरी जाये. पुढच्या दारी लोक बसून राह्यत, तोंड दाखवू वाटे ना, म्हणून वाफ्यातून मागच्या दारानं."

"आणि मायमाती?"

"कोण आणणार होतं? कोणी आणतो म्हटलं असतं तर इथं पावडं मारलं असतं त्यानं. माह्याच्यानं पाहवलं नसतं. रोगाचं निमित्त केलं. दवाई ओतली. म्हटलं, सगळं मरून जाऊ दे, मंग कोणी इथली माती मागणार नायी."

मी त्यांच्याजवळ खाली बसले. ती पावलं द्वारकाची असती तर मी तिच्याशी मनातल्या मनात भांडले असते, तिला नारळ फोडला असता, देवऋषी आणला असता. पण रोज उठून लेकराच्या अंगावरची माती पायानं दाबून घरी येणाऱ्या बापाला कोणत्या शिवेबाहेर टाकून यायचं? मला रडू आलं. ते माझ्यासाठी होतं की त्यांच्यासाठी, मला नाही सांगता यायचं.

"मुलगा होता?"

"पोरगी. बारशाच्या आधीच गेली."

"नाव?"

"द्वारकानं ठरवलं असंल मनात. मले नायी सांगितलं."

मी उठले. घरी जाऊन फडताळातली पितळी परात काढली, द्वारकाचं नाव कोरलेली. कुऱ्हाडवाल्यांना सांगितलं, "दादा, तुमची खोटी झाली, पण झाड तोडायचं नाही." धुऱ्याशी माझ्याही चपला काढल्या आणि त्यांच्या चपलांशेजारी ठेवल्या.

परात बघून वामनराव उभे राहिले. दगडाच्या आणि माझ्या मध्ये उभे राहिले.

"पावडं नको."

"आणलंच नाही," मी म्हणाले आणि रिकामे हात दाखवले.

ते बाजूला झाले नाहीत, पण अडवलंही नाही. मी दगड सोडून हातभर पलीकडे बसले. वरचा पाचोळा सारला आणि बोटांनी माती उकरू लागले. ती काळी, भुसभुशीत माती ओलीच होती. तिच्यात सुतासारख्या पांढऱ्या मुळ्या गुंतलेल्या होत्या. बोटांना काय लागेल, काय लागणार नाही, या विचारानं मी एकेक बोट जपून घालत होते. मी मनात म्हणाले, द्वारकाबाई, लेक तुझी आहे, मी नुसती मूठभर माती नेते. वाऱ्यानं झाड हललं तेवढ्यानंही मी दचकले, पण हात थांबवला नाही.

थोड्या वेळानं माझ्या हातांशेजारी त्यांचे हात आले. ते माती उचलत नव्हते, आधी नुसते तिच्यावर ठेवले होते. मग त्यांनी एक मूठ घेतली आणि परातीत सोडली. पुढे आम्ही दोघांनी मिळून परात भरली. त्यांनी ती उचलून माझ्या डोक्यावर दिली आणि सोडताना दोन क्षण जास्त धरून ठेवली.

त्या हिरव्या ओळीच्या कडेकडेनं मी वाफ्यांत आले. इतके दिवस जिला ओलांडत नव्हते तिच्याच बाजूनं. शेवंताबाई खुरपं टाकून उभी राहिली आणि तिनं मला नमस्कार केला. तो मला होता की परातीला, मी विचारलं नाही. रोज थोडी थोडी अशी माती सगळ्या वाफ्यांत जाईपर्यंत आम्ही आणली, हातांनी.

सगळं काही फळलं नाही. फाटकाकडचे वाफे शेवटपर्यंत पिवळेच राहिले आणि ते उपटून टाकावे लागले. बाकीचे दसऱ्यापासून काळसर हिरवे होऊ लागले, दिवाळीला ठिपके वाफ्यांत हरवून गेले. मी एका संध्याकाळी ती ओळ शोधायला गेले आणि मला ती सापडली नाही. डोळे बांधायला माघ उजाडला, पण बांधले. त्या घरात वामनराव आणि मी पुढे खूप बोललो, भांडलोही. त्या दगडाजवळचं बोलणं मात्र आम्ही परत काढलं नाही. आज ते नाहीत. जुनं झाडही गेलं, आपल्या मरणानं. पेरणीआधी माझी सून तिथली माती परातीतून आणते. तिला मी फावडं लावायचं नाही एवढंच सांगितलं आहे.

पण मला आठवते ती त्या कलमांची पहिली गाडी. पुढल्या आषाढात, मध्य प्रदेशाच्या बाजूचा एक बागवाला स्वतःचा ट्रक घेऊन आला होता. आमची माणसं मुळांभोवतीच्या मातीच्या गड्ड्यासकट कलमं काढून गवतात बांधून देत होती. ओझं कमी व्हावं म्हणून ट्रकवरच्या माणसानं एक गड्डा फळीवर आपटला. माती झडली.

वामनराव फाटकातून धावत गेले. "नको झाडू बाप्पा. तशीच ने."

"वजन होते ना भाऊ."

"होऊ दे. वजनापायी कलमाचे पैसे कमी घेतो, पण माती सुटू देऊ नको. तिच्यावाचून जेवत नायी थे."

मग प्रत्येक गड्डा त्यांनी स्वतःच्या हातांनी उचलून ट्रकमध्ये दिला. ट्रक हलला, रस्त्याला लागला, बाभळीच्या वळणाआड गेला, तरी ते फाटकात उभेच होते. पायांत चपला नव्हत्या. मी जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले.

"दूर हाय गाव," ते म्हणाले. "दिवस असेपर्यंत पोहोचन ना वं ती?"

"पोचेल," मी म्हणाले.